वहीत 'मी गेलो'च लिहा

प्रश्न असा आला आहे: "वय ३८, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. खासगी नोकरी. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. वर्षभर झोप नीट लागत नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी 'रोज डायरी लिहा, मन मोकळं होईल' असं सांगितलं. अडीच महिने झाले, रोज रात्री अंथरुणावर बसून लिहितेय. मोकळं व्हायचं सोडाच, लिहून झालं की आणखी जड वाटतं. कॉलेजात असताना कविता करायचे. वाटलं होतं, लिहायला लागल्यावर त्या परत सुचतील, पण तेही नाही. घरात कुणी वही उघडली तर, ही धास्ती वेगळीच. माझं काही चुकतंय, की लिहिण्याचं हे औषध सगळ्यांना लागूच पडत नाही? बाकी काही विशेष घडलेलं नाही. बाबांची सायकल मीच विकली आणि घरी येऊन गप बसलो, एवढंच."

सोबत त्यांनी वहीतला एक परिच्छेद उतरवून पाठवलाय: "आज पुन्हा मन अत्यंत उदास झाले. जीवनात सर्वत्र अंधकार पसरल्यासारखे वाटते. बाबांची उणीव पदोपदी जाणवते. मला कोणीच समजून घेत नाही. प्रत्येक जण आपापल्या विश्वात मग्न आहे. असे का होते?"

उत्तर:

तुमचं शुद्धलेखन निर्दोष आहे. मला काळजी वाटली ती त्याचीच.

बावीस वर्षं मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माणसांना वही-पेन देऊन बसवण्यात गेलीत. तुमच्या परिच्छेदासारखे परिच्छेद मी इतके वाचलेत की पहिलं वाक्य वाचून तिसरं सांगू शकते. 'अंधकार', 'पदोपदी', 'विश्वात मग्न'. यातला एकही शब्द तुम्ही कपिलतीर्थ मंडईत मेथीची पेंडी घेताना, किंवा बहिणीशी फोनवर बोलताना वापरता का? हे दहावीच्या पेपरातल्या निबंधाचे शब्द आहेत. वाक्यं नीटनेटकी, विरामचिन्हं जागच्या जागी, शेवटी एक प्रश्न. गुरुजी दहापैकी आठ देतील. पण ते वाचून मला तुमच्या बाबांबद्दल काय कळलं? काहीही नाही.

तुमच्या पत्राची शेवटची ओळ मात्र वेगळी आहे. 'सायकल मीच विकली आणि घरी येऊन गप बसलो, एवढंच.' ती तुमच्या हातून निसटलेली दिसते. 'बसलो'. बाहेरगावच्या वाचकाला ही छपाईची चूक वाटेल. आपल्याकडच्या बायका 'मी आलो, मी जेवलो, मी जातो' असंच बोलतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शिकायला पुण्याच्या हॉस्टेलवर गेले तेव्हा माझ्या 'मी आलो गं' वर खोलीतल्या मुली आठवडाभर हसत होत्या. महिन्याभरात मी 'आले' म्हणायला शिकले, आणि मग सुट्टीत घरी आल्यावर आई हसायला लागली.

गंमत बाजूला ठेवू. शाळेत आपण 'मी सहलीला गेले' असं लिहितो आणि घरी येऊन 'मी गेलो' असं सांगतो. म्हणजे लिहिणारी आणि बोलणारी अशा दोन बायका आपल्यात पहिल्यापासून वेगळ्या होतात. वडील गेले तेव्हा दवाखान्यात कोण होती? बोलणारी. सायकल कुणी विकली? तिनंच. आणि रात्री वही उघडून बसते ती दुसरी, जी यातल्या कशालाच हजर नव्हती. ती बिचारी काय लिहिणार? 'अंधकार' लिहिणार.

हे फक्त कोल्हापूरच्या बायकांचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. पेठेतला पैलवान गडीही वही हातात दिली की 'मला अत्यंत क्लेश झाले' असं लिहितो. क्लेश! तालमीत हाच माणूस 'डोस्कं फिरलं' म्हणतो.

(मी इथं 'म्हणते, सांगते' लिहितेय, कारण हे बाहेरचेही वाचतील. माझ्या वहीत मी 'म्हणतो'च.)

आता औषध लागू पडतं की नाही, याबद्दल. या विषयावरचा जो पहिला नावाजलेला प्रयोग आहे तो १९८६ साली छापून आला. अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातले जेम्स पेनेबेकर आणि त्यांची विद्यार्थिनी सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना अगदी किरकोळ विषय दिले. बाकीच्यांना आयुष्यातला सगळ्यात त्रासाचा प्रसंग लिहायला सांगितला, पण त्यातही तीन गट केले: एकानं नुसतं काय घडलं ते लिहायचं, दुसऱ्यानं नुसतं काय वाटलं ते, आणि तिसऱ्यानं दोन्ही. पुढच्या सहा महिन्यांत ज्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या ते प्रामुख्यानं दोन्ही लिहिणारे होते. नुसती हकिकत लिहिणाऱ्यांना फारसा उपयोग झाला नाही. आणखी एक गोष्ट, जी डायरी लिहा म्हणणारे सहसा सांगत नाहीत: लिहून झाल्यावर लगेच ही मुलं आधीपेक्षा जास्त खिन्न होती. त्यामुळे लिहिल्यावर जड वाटतं यात तुमचं काही वेगळं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते वाटणारच.

पण तुमचे अडीच महिने झालेत, आणि तुमच्या परिच्छेदात घडलेलं काहीच नाही, सगळं वाटलेलंच आहे. शिवाय ते वाटणंही रोज तेच. 'पुन्हा', 'कोणीच', 'सर्वत्र', 'प्रत्येक जण'. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण संध्याकाळी तिथंच असतो. याला आम्ही रवंथ म्हणतो, आणि रवंथ करणाऱ्या माणसाला वही दिली तर तो वहीत रवंथ करतो. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्या ९० जणांवर केलेलं एक काम आहे. त्यात, सतत 'असं का झालं, याचा अर्थ काय' करत बसणाऱ्यांना भावना लिहायला लावल्या तेव्हा त्यांचं बरं होणं उलट लांबलं. त्यांच्यातल्याच ज्यांना फक्त 'दिवसभर काय केलं' एवढं कोरडं लिहायला दिलं होतं, ते बरे राहिले. तुमच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य परत बघा.

म्हणून पहिलं काम: रात्रीचं लिहिणं आजपासून बंद. डॉक्टरांनी वाईट सांगितलं असं मी म्हणत नाही, पण गोळी सांगितली आणि मात्रा सांगायची राहिली. चार दिवस, पंधरा ते वीस मिनिटं, मग थांबायचं. निदान महिनाभर त्या विषयाकडे फिरकायचं नाही. रोज न चुकता आयुष्यभर मन मोकळं करत राहायचं हे यातल्या कुठल्याच अभ्यासानं सांगितलेलं नाही, आणि रोज लिहिलं म्हणून कुणाचं जास्त भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. रोजची वही वेगळ्या कामाची असते, त्याकडे नंतर येते.

आता 'दोन्ही लिहा' म्हणजे काय ते दाखवते. एका बाईंची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही एवढं बदलून सांगतेय. घर नदीच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि नंतर २०२१ च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा घरात पाणी. तेव्हापासून जून लागला की झोप उडायची, दिवसातून वीसदा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'महापुराने थैमान घातले होते. सर्वत्र हाहाकार माजला होता. आमचा संसार उघड्यावर पडला.' वर्तमानपत्रातलं उचलून ठेवल्यासारखं. मी म्हटलं, हाहाकार राहू द्या, पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं ते लिहा, आणि माझ्याशी बोलताय तसंच लिहा.

दुसऱ्या दिवशीची वही अशी होती: 'पिठाचा डबा कॉटवर येऊन बसला होता. तरंगत आला असणार. झाकण घट्ट होतं म्हणून आत पीठ कोरडं. सगळं भिजलं, गाद्या, मिक्सर, पोराची सर्टिफिकेटं, आणि पीठ कोरडं. मला त्या पिठाचा इतका राग आला. त्याच्याच भाकरी केल्या दुसऱ्या दिवशी आणि जेवताना रडलो.'

पिठाचा राग. हे कुठल्याही निबंधात येणार नाही. आणि एकदा ते कागदावर आलं की त्याच्या मागचं आपसूक येतं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच विचारायला लागल्या की पिठाचा राग कशाला आला असेल. चौथ्या दिवशी लिहिलं: 'सासूबाईंच्या लग्नातल्या फोटोंचा अल्बम खालच्या कप्प्यात होता. मालक म्हणत होते वर टाकू. मी मोबाइल बघितला, इशारा पातळी होती, ३९. धोका ४३ ला. मी म्हणालो अजून चार फूट हायत, चहा प्या आधी. म्हणून अल्बम गेला. पिठाचा डबा मी वर ठेवला नव्हता तरी तो वाचला आणि अल्बम माझ्यामुळं गेला, म्हणून पिठाचा राग.' त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चहा न पिता अल्बम वरच्या फळीवर टाकला असता तरी त्यांच्या घरात तो वाचला नसता. हे त्यांना घरच्यांनी शंभरदा सांगितलं होतं, पण अल्बमबद्दल सांगितलं नव्हतं, कारण अल्बमचं कुणाला माहीतच नव्हतं. सगळे पुराबद्दल समजावत होते.

त्या वाक्यांत 'म्हणून' किती वेळा आलंय बघा. पेनेबेकरांनी नंतर अशा हजारो पानांची शब्दमोजणी केली तेव्हा हेच दिसलं: ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' या जातीचे शब्द वाढत गेले. पहिल्या दिवसापासूनच सगळं कारण-कार्य ठाऊक असलेल्यांना तितका उपयोग झाला नाही, आणि शेवटपर्यंत एकदाही 'म्हणून' न आलेल्यांनाही नाही. तुमच्या अडीच महिन्यांच्या वहीत लाल पेन घेऊन 'म्हणून'वर खुणा करा. मला वाटतं पेन फार झिजणार नाही.

त्या बाई आता बऱ्या आहेत का? जूनमध्ये पातळी अजून बघतात. वीसदाऐवजी सकाळ-संध्याकाळ. कोल्हापुरात नदीकाठी राहणाऱ्या माणसानं एवढं बघितलंच पाहिजे, त्याला मी आजार म्हणणार नाही. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण लिहिण्यानं आयुष्य पालटतं असं सांगणारे बरेच आहेत. २००६ साली जोआन फ्रॅटरोली यांनी अशा १४६ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. निष्कर्ष असा की फायदा खरा आहे, पण छोटा आहे. फुकट आहे, वीस मिनिटांचा आहे, म्हणून करायचा. अंगारा समजून नव्हे.

तर तुमची सायकल. पहिल्या दिवशी ती विकल्याची हकिकत लिहा, पत्रात लिहिलीत तशी, 'गप बसलो' सकट. कुठली होती, कुणी नेली, किती रुपये आले, ते पैसे कुठं ठेवले. कॅरिअरला बाबांनी काही बांधून ठेवलेलं होतं का. घेणाऱ्यानं हवा तपासली तेव्हा तुम्ही कुठं बघत होता. आणि त्या-त्या वेळी पोटात काय होत होतं. 'दुःख झालं' लिहायचं नाही, घसा, हात, कानशिलं, जे काय होत होतं ते. दुसऱ्या दिवशी परत तीच सायकल, पण पहिल्या दिवशी जे लिहिता-लिहिता टाळलंत तिथून सुरू करा. टाळलेली जागा तुमची तुम्हाला बरोबर कळते, पेन तिथं थबकलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी 'मी' सोडून 'ती' लिहा. 'ती सायकल घेऊन निघाली.' स्वतःकडे थोडं लांबून बघितलं की रवंथ कमी होतो यावर अलीकडं बरंच काम झालंय. पण आपल्या बायकांसाठी यात एक खास सोय आहे, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. आपण 'मी बसलो' म्हणतो आणि दुसरीबद्दल 'ती बसली' म्हणतो. 'मी'ची 'ती' केली की क्रियापदच बदलतं. पुण्याच्या बाईला 'बसले'वरून 'बसली'वर यायचं असतं, अर्ध्या मात्रेचं काम. आपल्याला 'बसलो'वरून 'बसली'वर यायचं म्हणजे चांगला उंबरा ओलांडावा लागतो, आणि ओलांडल्यावर बाई खरंच पलीकडं उभी दिसते. माझ्याकडे एकीनं तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, 'ती दमली होती हे मला आज कळलं.' दहा वर्षं ती 'मी आळशी झालो' म्हणत होती.

चौथ्या दिवशी काय लिहायचं ते मी सांगत नाही. तीन दिवस नीट गेले असतील तर चौथा आपला आपण येतो. नाही आला तर वही मिटा, काही बिघडत नाही.

रात्रीची सवय मोडणं अवघड जाईल, म्हणून तिथं दुसरं काहीतरी ठेवा. २०१८ चा एक छोटासा अभ्यास आहे. ५७ तरुण मंडळी झोपेच्या प्रयोगशाळेत. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्या आणि येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी बारीक तितकी झोप लवकर. 'बँकेचं काम' असं नको, 'केवायसीची झेरॉक्स, लंच ब्रेकमध्ये' असं. यादी लिहा आणि दिवा मालवा. बाबा, आयुष्य, अंधकार यांना रात्री साडेदहानंतर प्रवेश नाही.

पण वर्षभर झोप नीट नाही, हे वहीचं काम नव्हे. हे मी स्पष्ट लिहितेय. मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा. डोकं दुखतं तसं हेही दुखणं आहे. त्यांनी गोळी दिली तर घ्या, वही त्याच्या जोडीला चालेल. चार दिवस लिहून आठवडाभरानंतरही लिहिण्याआधीपेक्षा जास्त त्रास वाटत असेल, प्रसंग डोळ्यांपुढून हटत नसेल, तर लिहिणं थांबवा आणि माणसाशी बोला. आणि जगणं नको असा विचार कधी डोकावला तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. ज्यांच्यावर घाव अगदी ताजा आहे, आठ-पंधरा दिवसांपूर्वीचा, त्यांना मी वही देतच नाही. त्यांना जेवण द्यावं, सोबत द्यावी.

आता वही कुणी उघडेल याची धास्ती. मी चौदा वर्षांची असताना आमच्या एका काकांनी माझी डायरी पंगतीत मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्यात वर्गातल्या एका मुलाच्या अक्षराचं कौतुक होतं, बाकी काही नव्हतं. सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर अकरा वर्षं मी वहीला हात लावला नाही. त्यामुळे 'एवढं काय त्यात' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. शिवाय ही धास्ती भाषेत उतरते. कुणीतरी वाचेल अशा बेतानं लिहिलं की बाई आपोआप शहाण्यासारखं, मोघम लिहायला लागते, कुणाचं नाव घेत नाही, 'प्रत्येक जण आपापल्या विश्वात मग्न आहे' असं लिहिते. तिथं खरं तर एका माणसाचं नाव असतं.

चार दिवसांची पानं ठेवायची गरज नसते. काम लिहिताना होतं, साठवताना नाही. सुट्ट्या कागदांवर लिहा आणि फाडून टाका. आमच्या गल्लीत अजून तांब्याचा बंब पेटतो, मी कैक जणींना 'बंबात घाला' असं सांगितलंय, आणि त्या पाण्यानं अंघोळ करून आलेली एक बाई इतकी हसत आली होती की विचारू नका. घरी जागाच मिळत नसेल तर घराबाहेर लिहा. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. वाचनालयात वही उघडून बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, स्पर्धा परीक्षेवाले समजतात. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ तर हौसेनं मोडी शिकले आणि आता टेबलावर वही उघडी टाकून जातात. घरात कुणाला मोडी येत नाही. सून म्हणते, बाबा हिशेब लिहितात.

मोबाइलवर लिहिलं तर चालतं का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतं. बोलून टाइप करायची सोय तर आपल्या बोलीसाठी बरीच आहे, कारण तोंडानं कुणी 'अंधकार' म्हणत नाही. हातानं लिहिलं तरच खरं, असलं सोवळं मी पाळत नाही. याच गावात वि. स. खांडेकर डोळे अधू झाल्यावर, पुढं दृष्टी गेल्यावरही सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेत राहिले. फक्त टाइप झालेलं दुरुस्त करत बसू नका.

राहिल्या कविता. इथं मला माझ्या वडिलांचं उदाहरण द्यावं लागेल. ते गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्यापुढं दोन जाड वह्या असायच्या, कीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडेल ते कीर्दीत, घडेल त्या क्रमानं. अमक्याच्या गुळाच्या इतक्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे, इतके, हमाली इतकी, चहा इतका. तिथं निवड नाही, खाडाखोड नाही, चहा आणि चाळीस हजार एकाखाली एक. मग सवडीनं खतावणी उघडायची आणि कीर्दीतली एकेक नोंद ज्याच्या-त्याच्या खात्यावर नेऊन टाकायची, शेजारी कीर्दीचं पान लिहून. कुणाकडे किती येणं आहे हे कीर्द बघून कधीच कळत नाही. ते खतावणीत दिसतं.

तुम्ही कीर्द लिहिताय आणि तिच्यात कविता शोधताय. ती तिथं नसते. जवळपास कुणाचीच नसते. कविता, गोष्ट, काही म्हणा, ते खतावणीचं काम आहे आणि ते काही आठवड्यांनी, कधी वर्षांनी करायचं असतं.

ती मघाशी म्हटलेली रोजची वही हीच. तिच्यात मन मोकळं करायचं नाही. रोज एक ओळ, फार तर दोन, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेली किंवा कानांनी ऐकलेली एक गोष्ट. 'वाटलं' हा शब्द त्या वहीत बंद. माझ्या वहीतल्या गेल्या महिन्याच्या काही ओळी देते, म्हणजे किती साध्या चालतात ते कळेल. 'गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस धारेला उभी, मालक मोबाइलवर कुणाच्या तरी वरातीचा व्हिडिओ बघत धार काढतोय.' 'रिक्षावाला म्हणाला, मॅडम, सुट्टे नसले तर नसू द्या, चेहरा बघितलाय.' 'आईनं आज कुकरची शिट्टी मोजली नाही.' तिसरी ओळ लिहिली तेव्हा मला तिचं काही वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी मागची पानं चाळताना आणखी दोन ओळी सापडल्या, एक गॅस चालू राहिल्याची, एक तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारल्याची. तिन्ही एका खात्यावर गेल्या. त्या खात्यावर पुढं काय लिहिलं ते इथं देत नाही. पण ज्या दिवशी ती शिट्टी लिहिली त्या दिवशी मी 'आईच्या म्हातारपणावर' लिहायला बसले असते तर 'सांजवेळ' आणि 'सुरकुत्या' याच्या पुढं गेले नसते.

खाती उघडायला महिन्यातून एकदा तासभर बसा. गेल्या महिन्याच्या ओळी वाचा आणि एकमेकींना हाक मारणाऱ्या ओळी दुसऱ्या वहीत उतरवा, वर साधं नाव द्या: 'हात', 'सायकली', 'बाबांचे मित्र'. शेजारी पान लिहून ठेवा. बहुतेक खाती रिकामीच राहतील. वडिलांच्या खतावणीतही निम्मी खाती वर्षानुवर्षं हलायची नाहीत. पण कविता करायची म्हणून कोऱ्या कागदापुढं बसण्यापेक्षा 'सायकली' खात्यातल्या सात ओळींपुढं बसणं केव्हाही सोपं. कॉलेजात तुम्हाला सुचत होतं, कारण तेव्हा बघायला वेळ होता आणि बिघडलं तर बिघडू दे असं वाटायचं. वृत्त, यमक, मुक्तछंद हे सगळं नंतर. आधी वहीत माल हवा.

ही दोन्ही लिखाणं एकाच वहीत करू नका. चार दिवसांचे कागद वेगळे, ते फाडायचे. रोजची ओळ वेगळी, ती ठेवायची, आणि ती घरात कुणी वाचली तरी बिघडत नाही, फार तर म्हणतील हिला म्हशींचं काय सुचलंय.

चार दिवस कधी सुरू करायचे तेही सांगते. गुरुवारी नको. चौथा दिवस रविवारी येतो, आणि रविवारी तुमच्या घरी तांबडा-पांढरा असणार, पाहुणे असणार. तिथं वीस मिनिटं कोण देतंय? सोमवारी बसा, ऑफिस सुटल्यावर, घरी जाण्याआधी.